गडव्यावरचं नाव

राळेगावच्या रहमत कल्हईवाल्याला दोन खोडी होत्या, आणि त्या दोन्हींपायी गल्लीनं त्याला अर्धवट ठरवून टाकलं होतं.

पहिली खोड हिवाळ्यातली. सकाळी धुकं दिसलं की हा माणूस स्वतःचा चहा बाजूला ठेवून लेकीच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा, तिच्यासमोर उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "पोरी, पाणी कसं लागते?" पोरगी अर्धवट झोपेत एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "गोड." मग त्याचा जीव भांड्यात पडायचा. कल्हईवाल्याचा जीव आणखी कुठं पडणार, असं शेजारी म्हणत आणि हसत.

दुसरी खोड बारमाही होती. त्यानं लेकीला तिच्या नावानं कधीच हाक मारली नाही. पोरी म्हणायचा, बेटी म्हणायचा, लाडात आला की चिमणी म्हणायचा, पण नाव म्हणून तोंडातून काढायचा नाही. त्याची बायको हुस्नाबी यावरून वर्षानुवर्षं धुसफुसत होती. "दुनियेच्या भांड्यायवर नावं घालून राह्यला हा माणूस, अन् स्वतःच्या पोरीचं नाव याच्या जिभेवर येत नाई," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. रहमत मान खाली घालून कथील वितळवत बसे. लोकांना हसायला काय जातं! त्यामागं काय होतं हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

माणूस तसा साधा. सायकलच्या मागं भाता, पुढं कोळशाचं पोतं, खांद्याला पिशवी. पिशवीत कथील, नवसागर, एक हातोडी आणि नाव घालायच्या बारीक छिन्न्या. गावात शिरला की झाडाखाली खड्डा खणून भट्टी लावायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि तो विरेपर्यंत आत चांदीसारखं लखलखीत झालेलं असे. कल्हई सगळेच करतात. रहमतचं खरं नाव होतं ते अक्षरांसाठी. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिली होती, पण अक्षरं बघून बघून हाताला अशी बसली होती, की त्याचं 'चि. सौ. कां.' बघून मास्तरसुद्धा मान डोलवत. लग्नसराईत त्याला दम खायला फुरसत नसे. शिवाय त्याचा एक शिरस्ता होता. नवरीच्या आंदणातल्या सगळ्या भांड्यांवर नावं घालून झाली, की तो आणखी एक भांडं स्वतः निवडायचा आणि त्यावर फुकट, अगदी जीव ओतून नाव घालायचा. हा त्याचा नवरीला आहेर.

याच शिरस्त्यानं त्याचा घात केला.

गोष्ट सत्तावन्न सालच्या हिवाळ्यातली. वर्धा नदीच्या काठी देवसिंग नायकाचा तांडा होता. देवसिंगच्या धुरपताचं लग्न निघालं आणि रहमतला बोलावणं आलं. धुरपता लहान असल्यापासून तो तिथं भांडी करायला जात होता. ती भात्याशी येऊन बसायची आणि त्याला रहमतकाका म्हणायची. तिच्या लग्नाला तो बोलावण्याशिवायही गेला असता.

त्या तांड्यासमोर नदीला दोन फाटे फुटतात आणि मधे एक बेट उरतं. उन्हाळ्यात तिथं झाडं आहेत एवढंच दिसतं. मार्गशीर्ष लागला की बेट धुक्यात जातं, आणि उन्हं चढून नदीवरचं बाकीचं धुकं विरलं तरी बेटावरचं काही हलत नाही. तिकडं कुणी मासे धरायला जात नाही, कुणाची म्हैस पोहत गेली तर लोक म्हशीवर पाणी सोडतात. रहमतनं हे पूर्वी ऐकलं होतं, पण भट्टीशी बसलेला माणूस अशा गोष्टींना हूं हूं म्हणतो आणि भाता ओढत राहतो.

त्या दिवशी देवसिंगची म्हातारी आई, हंसाबाई, त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवरून दर्याकाठचं मीठ मुलखात आणत, तेव्हाची ती हकीकत. दर्यात एक राज्य होतं. तिथल्या राजानं आपल्याच भाऊबंदांना हद्दपार केलं. ती माणसं होड्या घेऊन नदीच्या तोंडात शिरली आणि उलट्या धारेनं वर वर येत राहिली. या बेटाशी पाणी पातळ झालं, होड्या रेतीत रुतल्या, तिथंच त्यांनी मुक्काम केला. उंच, फिकट माणसं, कान वर निमुळते, पापणी लवत नाही. मरण त्यांना नाही. त्यांना या गोड्या पाण्यात एकाच गोष्टीची आठवण छळत होती, आणि ती गोष्ट नेमकी लमाणांच्या पोत्यांत होती.

"आमच्या बुढ्यायनं त्याईले मीठ देल्लं," हंसाबाई म्हणाली. "तवापासून आमच्या लग्नाले ते भांडी देतेत. काठावर मिठाचं पोतं ठेवाचं, सकाळी येऊन पाहाचं. पोतं नसते, भांडी असतेत."

"अन् वापस?"

"कार्य झालं का घासून पुसून, एकेकात मूठभर मीठ घालून वापस. त्यायचं आपल्यात ठेवाचं नाई, आपलं त्यायच्यात जाऊ द्याचं नाई. माह्या दिरानं, सेवादासनं, एक वाटी ठेवून घेतली होती. पोराच्या दुधाले बरी म्हणून. मंग त्याले पाणी खारट लागाले लागलं. या विहिरीचं खारट, त्या विहिरीचं खारट. एक दिवस सकाळीच उठला, धुक्यात चालत गेला, अन् गेलाच."

"त्याले नेऊन करतेत काय ते?"

"दर्या एक दिवस त्याईले वापस बोलावणार हाये. होड्या लई हायेत बाप्पा, वल्ही माराले हात कमी हायेत."

रहमत त्यावर हसला नाही, पण घाबरलाही नाही. म्हातारी गोष्ट छान सांगते, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याचं लक्ष आंदणाच्या ढिगाकडं होतं. परात, पातेली, घागर, ताटं, सगळ्यांवर 'धुरपता' उमटलं. मग शिरस्त्याप्रमाणं त्यानं आपल्या आहेरासाठी भांडं शोधलं, आणि ढिगाच्या कडेला ठेवलेला एक छोटा गडवा त्याच्या मनात भरला. गळा बगळ्यासारखा, धातू पांढुरका. कुण्या पाहुणीनं पाणी पिऊन तो तिथंच ठेवून दिला होता. दुसऱ्या एखाद्यानं नुसता उचलून बाजूला सारला असता. रहमत पडला भांड्यांचा शौकीन. भट्टीच्या इतक्या जवळ असून गडवा बर्फासारखा गार लागतो, हे त्याच्या हाताला कळलं होतं. पण हौसेपुढं हाताचं कोण ऐकतं! त्यानं गळ्याखाली वेल काढली आणि वेलीच्या मधोमध, आयुष्यात घातलं नव्हतं इतकं देखणं, धुरपताचं नाव घातलं.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबाई बेटाची भांडी परत करायला मांडत होती. गडवा हातात घेतला आणि ती तिथंच खाली बसली.

"रहमत," ती हळूच म्हणाली, "हे तू काय केलं गा?"

तो काही बोलणार तेवढ्यात आतून धुरपता आली. अंगाला हळद, हातात पेला. पुढं थोड्या वेळानं ती सासरी निघणार होती. तिनं आजीला विचारलं, "आज विहिरीत काय पडलं? पाणी खारट लागून राह्यलं."

रहमतच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तिच्या हातातून पेला घेऊन घोट घेतला. पाणी रोजच्यासारखं गोड होतं. हंसाबाईनं पोरीला काहीतरी सांगून आत पाठवलं. देवसिंग आला, त्यानं गडवा बघितला, आईचं तोंड बघितलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"ठेवून घेऊ," रहमत म्हणाला.

"ठेवला तं सेवादासवानी होईल. धाडला तं नावावाली जाईल," हंसाबाई म्हणाली.

"मी मोडतो हे नाव. ठोकून सपाट करतो."

"कर. पण त्या भांड्यानं आता नाव चाखलं हाये. उपाशी वापस जाणार नाई ते," म्हातारी म्हणाली. "कोण्या तरी नावानंच जाईल."

रहमतनं गडवा ऐरणीवर घेतला. स्वतःचं नाव घालावं असं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण घरी हुस्नाबी एकटी होती आणि तिला नुकतेच दिवस गेले होते. छिन्नी हातात धरून तो बसून राहिला. आणि मग त्याला एक नाव सुचलं. दोन वर्षांपूर्वी तापात गेलेली त्याची पहिली मुलगी. तिला कुणी कुठं नेऊ शकणार नव्हतं. त्यानं 'धुरपता' ठोकून ठोकून पुसलं आणि तिथं 'हजरा' लिहिलं. लिहिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते गडव्यावर पडत होतं.

"कोणाचं नाव हे?" देवसिंगनं विचारलं.

"कोणाचंच नाई. आता कोणाचंच नाई."

धुरपताला पुन्हा पाणी दिलं. ती म्हणाली, आता गोड लागते. मग मूठभर मीठ घालून गडवा काठावर गेला, आणि धुरपता नवऱ्यासोबत बोरी अरबला गेली. पुढं तिला पोरंबाळं झाली, सुखात नांदली. त्या सकाळी काय घडलं ते तिला कुणी कधी सांगितलं नाही. तांड्यानं मात्र त्यानंतर बेटाकडं भांडी मागितली नाहीत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पावसाळ्यात हुस्नाबी माहेरी, मारेगावला, बाळंत झाली. पूर आला होता, रस्ते बंद होते. रहमत पोहोचला तोवर मुलीच्या कानात अजान दिलेली होती आणि नावही ठेवून झालं होतं. हुस्नाबी उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा दोन वर्षांनी फुललेला होता.

"आपली हजराच वापस आली," ती म्हणाली. "पाहा, कपाळ बी तसंच हाये."

आमच्याकडं गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला देतात, यात आक्रीत काही नाही. हे त्या माणसाला छिन्नी उचलताना सुचायला हवं होतं. नाही सुचलं. त्यानं चाचरत म्हणून पाहिलं, की दुसरं एखादं नाव ठेव. हुस्नाबीनं पोरीला छातीशी आवळलं आणि तोंड फिरवलं. एक लेकरू मातीत दिलेल्या बाईला कोणत्या तोंडानं सांगणार, की हे दुसरं मीच लिहून दिलंय म्हणून? नाही सांगितलं. आणि जे पहिल्या दिवशी सांगितलं नाही ते नंतर सांगणं आणखी अवघड होत गेलं.

मग सुरू झाली ती वर्षं. आपण नाव उच्चारलं नाही तर ते बेटापर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यानं स्वतःचीच समजूत घालून घेतली. पोरीच्या गळ्यात ताईत आले, दंडाला काळे दोरे आले. दर हिवाळ्यात तो गुपचूप नदीवर जाऊन मीठ टाकून यायचा, आणि घरातलं मीठ जातं कुठं म्हणून हुस्नाबी मुंग्यांना शिव्या घालायची. धुकं उतरलं की त्याला झोप येईना. नदी कोसांवर, तरी पहाटे गल्लीतून वल्ह्यांचा आवाज आल्यासारखा वाटे. उठून बघावं तर शेजारचा जफर झाडू मारत असे. धंदाही बदलत चालला होता. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आली, मग स्टील आलं, कल्हई कोण करणार? रहमतला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. हिवाळा निघून गेला, पोरगी गोड म्हणाली, बस. मग तो फाल्गुनात माणसात यायचा, हसायचा, पोरीला सायकलवर बसवून बाजारात न्यायचा.

पासष्टचा हिवाळा जवळजवळ सरला होता. पौषातलं दाट धुकं येऊन गेलं होतं आणि रहमत थोडा सैल पडला होता. त्या सकाळी पुन्हा धुकं दिसलं. त्यानं पेला भरला, पोरीला उठवलं आणि सवयीनं विचारलं, "पोरी, पाणी कसं लागते?"

तिनं तोंड वाकडं केलं.

"खारट."

त्यानं स्वतः पिऊन पाहिलं. गोड. शेजारच्या विहिरीचं आणलं. तेही तिला खारट. "जीभ आली असंल पोरीची," हुस्नाबी चुलीपासून म्हणाली. रहमतनं लेकीला आईच्या मांडीवर बसवलं आणि म्हणाला, "मी येतपर्यंत हिले सोडू नको. दाराच्या भाईर पाय ठेवू देऊ नको." त्याच्या आवाजात असं काही होतं, की हुस्नाबीनं कारण विचारलं नाही. हातोडी, छिन्न्या आणि घरातलं होतं नव्हतं ते मीठ घेऊन तो निघाला. सायकल इतकी दामटली, की छातीत कळ उठली.

देवसिंग आता म्हातारा झाला होता. हंसाबाई खाटेला खिळली होती. रहमतनं दोघांना सांगून टाकलं, की गडव्यावरचं नाव आता कोणाचं आहे. देवसिंगनं काठी उचलली.

"माह्या पोरीपायी हे झालं," तो म्हणाला. "मी येतो."

"तुमी काठावर थांबा, नायक. मी नाई आलो तं सायकल घरी पोचवा."

तांड्यातला डोंगा, एका माणसापुरती होडी, घेऊन रहमत निघाला आणि धुक्यात शिरला तसा काठ नाहीसा झाला. पाणी दिसेना, फक्त लागत होतं. रहमतला पोहता येत नव्हतं. तो तोंडानं कलमा म्हणत होता आणि दात वाजत होते म्हणून शब्द तुटत होते. मग डोंगा रेतीला लागला, आणि त्याच्या नाकाला एक वास आला जो त्याला ओळखीचा नव्हता. दर्या त्यानं कधी बघितला नव्हता.

रेतीवर होड्या होत्या. काळ्या, लांबलचक, एकीमागं एक, धुक्यात दिसेनाशा होईपर्यंत. त्यांत माणसं बसली होती, सगळी नदी वाहते त्या दिशेला तोंड करून. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. म्हातारीनं सांगितली तशीच होती, उंच, फिकट, निमुळत्या कानांची. त्यांच्यामधे इथं तिथं आपल्यासारखी माणसं होती. जवळच्या होडीत एक तरणा लमाण बसला होता. त्याच्या ओठांवर मीठ साचून पांढरं झालं होतं आणि कमरेला एक वाटी बांधलेली होती. सेवादासला जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. तो तिशीचाही दिसत नव्हता.

त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं एक वल्हं ठेवलेलं होतं, नवं कोरं, नुकतंच तासलेलं. ते लहान होतं. सात वर्षांच्या पोरीच्या हाताला बेताचं होईल एवढं.

रहमतला रडू फुटलं. तो गुडघ्यांवर बसला आणि आणलेलं सगळं मीठ त्यानं रेतीवर ओतलं. "ती बारकी हाये," तो म्हणाला, "तिले काय जमते? मले घ्या. मी भाता ओढला हाये जलमभर, माह्या हातात जोर हाये." कुणीही मान वळवली नाही. पण थोड्या वेळानं एक उंच बाई होडीतून उतरली, आणि तिनं त्याच्यासमोर गडवा ठेवला. तोच. वेल तशीच होती, नाव तसंच लखलखत होतं.

एका दगडावर गडवा धरून त्यानं हातोडी घेतली. इतकी वर्षं जे नाव तोंडातून काढलं नव्हतं ते एकेका ठोक्यानं पुसलं. मग छिन्नी घेतली. अक्षरं वाकडी येत होती. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं नाव भांड्यावर घातलं, आणि ते त्याच्या हातचं सगळ्यात वाईट काम झालं. बाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. ती होडीकडं गेली, लहान वल्हं उचललं आणि रेतीवर टाकून दिलं. त्याच्या जागी तिनं एक मोठं वल्हं ठेवलं. मग ती बसली आणि पुन्हा नदीकडं बघू लागली. रहमतला कुणी अडवलं नाही. सेवादासलाही कुणी हात धरून नेलं नव्हतं.

काठावर देवसिंगनं त्याला डोंग्यातून उतरवून घेतलं. नायकानं आपला पटका सोडून त्याच्या अंगावर घातला आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

घरी आला तेव्हा ऊन पडलं होतं. पोरगी आईच्या मांडीवर कंटाळून बसली होती. रहमत दारात थांबला आणि त्यानं हाक मारली.

"हजरा."

हुस्नाबीचे पोरीभोवतीचे हात सुटले. पोरगी उठून उभी राहिली आणि डोळे मोठे करून बापाकडं बघत राहिली.

"अब्बा, तुमाले माहं नाव येते?"

"येते ना. हजरा, पाणी आण वं बेटा. हजरा, पयले तू पी."

तिनं पेला भरून आणला, उभ्यानंच घोट घेतला. तो तिच्या ओठांकडं बघत होता.

"गोड हाये," ती म्हणाली. "सकाळीच खारट होतं."

त्यानं तिच्या हातातून पेला घेतला आणि तोंडाला लावला. एका घोटात जीभ मिठानं चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. हजरा त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, अगदी तो बसायचा तशी.

"अब्बा, तुमाले कसं लागते?"

"गोड," रहमत म्हणाला, आणि त्यानं पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.